मुदतीचा डिंक

वसुधाच्या कानावर जर्मन भाषेतला पहिला शब्द पडला तो भांडणात.

डार्मश्टाटला येऊन तिला नऊ दिवस झाले होते. साल त्रेसष्ट, महिना नोव्हेंबर. नवरा दिनकर सकाळीच बाहेर पडलेला. पूल बांधण्यात डॉक्टर व्हायचं म्हणून तो इथल्या इंजिनियरिंग कॉलेजात आला होता. खोलीत उजेड बेताचाच, म्हणून वसुधा जिन्याच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. इथला तांदूळ निवडावा लागत नाही, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

आणि खालच्या स्वयंपाकघरात जुंपली. एका बाजूला घरमालकीण फ्राऊ शेफर, साठीची विधवा, आवाज पितळी. दुसऱ्या बाजूला खालच्या खोलीतला भाडेकरू आत्माराम चितारी. हा आपल्याच मुलखाचा, सावंतवाडीचा. पण जर्मनमधून भांडत होता, त्यामुळे आपल्याला काय उपयोग? बाई 'बुटर, बुटर' म्हणत होती, म्हणजे लोण्यावरून काहीतरी. आत्माराम 'आमेरिका' म्हणत होता. आणि मध्ये मध्ये दोघंही एक शब्द एकमेकांच्या अंगावर टाकत होते, हाल्टबार. बाई म्हणायची हाल्टबार, की हा म्हणायचा हाल्टबार.

वसुधाने मनाशी ठरवलं, शिवी असणार आणि चांगली वजनदार असणार. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला भाषा आली नाही तरी भांडण कळतं.

संध्याकाळी दिनकर चिखलाचे बूट घेऊन थेट सतरंजीवर आला. वसुधा म्हणाली, "अहो, कळतं का काही? हाल्टबार कुठले!"

दिनकर हसत सुटला. "अगं, हाल्टबार म्हणजे टिकाऊ!"

"मग बरोबरच बोलले," वसुधा म्हणाली. "हा स्वभाव काही जायचा नाही."

भांडणाचं कारण दुसऱ्या दिवशी आत्मारामनेच येऊन सांगितलं, चपला जिन्याखाली काढून, दारात उभं राहून. "वहिनी, काल आवाज झाला असेल. मनावर घेऊ नका. बाईच्या फ्रिजमध्ये मी डिंक ठेवला."

"डिंकाचे लाडू का?"

"नाही ओ. चिकटवायचा."

आता हा डिंक काय होता ते कळायला आधी आत्माराम कळला पाहिजे.

सावंतवाडीला त्याच्या घरी तीन पिढ्या लाकडी खेळणी होत आली. आंबा, केळी, सीताफळ, वर लाखेचा रंग असा की माशीने फसावं. छप्पन्न साली मुंबईत कसलंसं प्रदर्शन भरलं, तिथे आत्मारामला बसवलं होतं बोटभर बैलगाडी करून दाखवायला. चाकाला बारा आरे आणि चाक फिरतं. एक जर्मन प्रोफेसर आला, त्याने गाडी तळहातावर घेतली आणि चाकावर फुंकर मारली. चाक फिरलं, आणि त्याबरोबर आत्मारामचं घरही फिरलं. पुढच्या वर्षी तो डार्मश्टाटच्या कॉलेजात मॉडेल करायला रुजू झाला. बायको कुसुम आणि म्हातारी आई सावंतवाडीला राहिल्या.

मॉडेल म्हणजे पुलाचं पिल्लू. खरा पूल बांधायच्या आधी हे लोक शंभर हातांचा पूल एक हाताचा करून बघतात, कुठे वाकतो, कुठे कुरकुरतो. पिल्लू मोडलं तर कोणी मरत नाही. वसुधाला ही रीत फार पसंत पडली होती. लग्नातही अशी सोय हवी होती, असं ती दिनकरला म्हणाली होती.

आत्मारामचा सगळा भरवसा सरसावर. हाडाकातड्याचा सरस, आदल्या दिवशी भिजत घालायचा, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून शिजवायचा. वास असा यायचा की शेजारच्या वर्गाच्या खिडक्या थंडीतही उघडायच्या. पण लाकडाला धरला की धरला. वर्कशॉपचा मायस्टर, म्हणजे मुकादम, प्रत्येक सांधा हाताने हलवून विचारायचा, "इस्ट दास हाल्टबार?" टिकेल का हे? आत्माराम मान डोलवायचा. सहा वर्षांत तो जर्मन शिकला ते असंच, सांध्यासांध्याने. त्याच्या लेखी हाल्टबार म्हणजे सांधा धरून राहणं. दुसरा अर्थ त्याला भेटलाच नव्हता.

मग लाकडाचे दिवस गेले आणि काचेसारखं आरपार प्लास्टिक आलं. सगळे त्याला प्लेक्सी म्हणत. त्याला सरस लागेना. तेव्हा प्रोफेसरांनी अमेरिकेहून एक बाटली मागवली, अत्तराच्या कुपीएवढी. एक थेंब टाकायचा, दाबायचं, दहा मोजायचे. संपलं. ना भिजवणं ना शिजवणं.

पहिल्याच दिवशी आत्मारामचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली. ट्राममधून तो तसाच घरी आला, चिमूट धरून. समोरची बाई आदराने उठून बसायला जागा देऊ लागली. तिला वाटलं, हिंदुस्थानातला योगी आहे, मुद्रा लावून बसलाय. आत्माराम बसला. काय सांगणार तिला? फ्राऊ शेफरने साबणाच्या कोमट पाण्यात बोटं बुडवून तासाभराने योग सोडवला.

बाटली गारव्यात ठेवा, असं बजावलं होतं. वर्कशॉपात फ्रिज नव्हता. गल्लीत पहिला फ्रिज फ्राऊ शेफरने घेतला होता, आणि त्यात लोणी होतं. भांडण ते तिथलं. शेवटी तह झाला. बाटली झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहील, डबा खालच्या कप्प्यात राहील, आणि डब्यावर चिठ्ठी लागेल. कारण फ्राऊ शेफरच्या घरात चिठ्ठीशिवाय काहीच राहत नसे. मुरंबे, काकड्या, भोपळे, सगळ्या बरण्यांवर तिच्या हाताने लिहिलेलं असायचं: हाल्टबार बिस अमुक, म्हणजे अमुकपर्यंत टिकेल. तिने विचारलं, "किती दिवसांचा?" अमेरिकेहून यायला वेळ गेलेला, तेव्हा उरले होते चार महिने. तिने लिहिलं: हाल्टबार बिस मार्च चौसष्ट.

आत्मारामने ते वाचलं, आणि चिठ्ठीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. वसुधाला मात्र सांगितलं. "वहिनी, मुदतीचा ताप ऐकला होता, हा मुदतीचा डिंक निघाला. पूल धरेल तो मार्चपर्यंत. पुढे?"

या डिंकाने जोडलेला त्याचा पूल त्याच नाताळात कॉलेजातून बाहेर पडला. कॉलेजचं मोजमाप संपलं की ही पिल्लं कुणालातरी देऊन टाकतात. हे दिलं होतं गाडीने पाऊण तासावरच्या एका नदीकाठच्या गावाला, तिथल्या राटहाउसात ठेवायला. राटहाउस म्हणजे तिथली नगरपालिका. गावाला नवा पूल व्हायचा होता, लोकांनी आधी बघावा म्हणून. पावणेदोन मीटरचा प्लेक्सीचा पूल, दोन्ही बाजूंना मिळून दोनशे बारा छोटे कठडे, आणि बोटभर मोटारींच्या मधोमध आत्मारामने हळूच उभी केलेली एक लाकडी बैलगाडी. प्रोफेसरांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

झालं. मार्चच्या आत आत्माराम ताजी बाटली डब्यात घालून, वर ओलं फडकं गुंडाळून गाडीने निघाला. राटहाउसचा हाउसमायस्टर हेर, म्हणजे श्रीयुत, ओल, किल्ल्या सांभाळणारा माणूस, त्याने काचेचं कपाट उघडून दिलं. आत्मारामने दोनशे बारा कठड्यांच्या बुडाशी एकेक थेंब सोडला. शेवटी बैलगाडीच्या चाकावर फुंकर मारली. चाक फिरलं. मग निर्धास्त होऊन परत आला.

जुन्या बाटलीत तळाला उरलेला डिंक त्याने त्याच महिन्यात वसुधाला आणून दाखवला. शिळ्या खळीसारखा घट्ट झाला होता, थेंब पडेना. "बघा. बाटलीत याची ही गत, तर सांध्यात काय होत असेल?" वसुधाने हळहळून मान हलवली. तिलाही ते पटलं. शिळं ते शिळंच.

मग दर चार महिन्यांनी नवी बाटली, नवी चिठ्ठी, नवी फेरी. मार्च, जुलै, नोव्हेंबर. एवढं सगळं होत असताना त्याला कोणी अडवलं कसं नाही? मायस्टर म्हणायचा, हिंदुस्थानी माणूस फार कामसू, स्वतःहून देखभाल करतो. प्रोफेसर म्हणायचे, कारागीर असावा तर असा. आणि गावचे लोक तर फारच खूश होते. या डिंकाची वाफ प्लेक्सीवर बसली की पांढरं धुकं धरतं. आत्माराम जितका डिंक लावी तितके कठडे पांढरे होत चालले. गावात बोलबाला झाला की मॉडेलवाल्याने पुलावर हिवाळा दाखवलाय. बर्गरमायस्टर, म्हणजे नगराध्यक्ष, पाहुण्यांना मुद्दाम आणून तो बर्फ दाखवायचा.

या सगळ्यात घरी जाणं राहिलं. एकसष्ट साली आत्माराम एकदा सावंतवाडीला जाऊन आला होता. पुन्हा जायचं तर गाडी, बोट, वर मुंबईपासूनची एसटी, जायला वीस दिवस आणि यायला वीस. मध्ये तीन महिने तरी घरी राहायला नकोत? हिशेब चार महिने दहा दिवसांवर जायचा. दहा दिवस जास्त.

"त्या दहा दिवसांत पूल पडला तर?" तो म्हणायचा.

"टीचभर पूल तो," वसुधा म्हणायची.

"वहिनी, लोक म्हणतील हिंदुस्थानी माणसाने चिकटवला होता."

परक्या गावात माणूस एकटा कुठे असतो? अख्खा देश पाठीवर घेऊन कठडे चिकटवत असतो.

पासष्टच्या गणपतीनंतर कुसुमचं पत्र आलं. आत्माराम तिची पत्रं स्वयंपाकघरात बसून वसुधाला वाचून दाखवायचा. एरवी त्यात आईचे गुडघे, फणस, शेजारणीची गाय असायची. या वेळी अर्धं पानच होतं.

"गणपतीक सगळ्यांचे घोव इले," त्याने वाचलं आणि थांबला. घोव म्हणजे नवरे. मग पुढचं वाचलं. "आई गेल्या आषाढात विचारी होती, आत्मा जिवंत आसा मा? मी सांगलंय, आसा, पूल धरून उभो आसा. येत्या शिमग्याक तुम्ही नाय इलास तर दाराक कुलूप लावन मी मालवणाक भावाकडे जातलंय. आईंका घेवनच. तुमच्या डिंकाक मुदत आसा, आणि माका नाय?"

फ्राऊ शेफर चुलीपाशी होती. तिला मराठी शष्प कळत नव्हतं, पण तिने हातातला डाव खाली ठेवला.

आत्मारामने पत्राची घडी घातली. त्याच्या टेबलावर कुसुमची सगळी पत्रं एकावर एक होती, आणि ती उडू नयेत म्हणून वर एक वजन. प्लेक्सीच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर चिकटवलेल्या. अमेरिकन डिंकाचा पहिला थेंब त्याने त्यावर टाकून पाहिला होता.

नोव्हेंबरात नवी बाटली आली, नवी चिठ्ठी लागली: हाल्टबार बिस मार्च सहासष्ट. शिमगाही मार्चातच. पुलाची तारीख आणि बायकोची तारीख एकाच महिन्यात येऊन बसल्या. आत्माराम महिनाभर कमी जेवला. मग त्याने पत्र लिहायला घेतलं की मार्चची फेरी करून उन्हाळ्यात नक्की येतो. पत्र लिहून झालं, पण पेटीत पडेना. तेही त्या फुलीखाली जाऊन बसलं.

जानेवारीत एके दुपारी फ्राऊ शेफर वसुधाला घेऊन तळघरात उतरली. दर वर्षी नाताळ सरला की ती बरण्यांची झडती घ्यायची. आतापावेतो वसुधाला थोडं जर्मन यायला लागलं होतं; क्रियापदं नव्हती, पण पदार्थांची नावं सगळी होती. बाईने प्लमच्या मुरंब्याची एक बरणी काढली. हाल्टबार बिस वाइनाख्टन. नाताळपर्यंत. उघडली, हुंगली, नाक मुरडलं आणि सगळी बादलीत उपडी केली.

त्याच घाण्यातल्या दुसऱ्या बरणीतला मुरंबा वसुधाने डिसेंबरात दोन आठवडे पावाला लावून खाल्ला होता.

"फ्राऊ शेफर," ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "हा... इथे... वाइनाख्टन झाला... आता कापुट?" कापुट म्हणजे खलास, एवढं तिला येत होतं.

बाईला आधी कळेना. कळलं तेव्हा ती कोळशाच्या खोक्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "नाइन, किंड, नाइन!" नाही गं पोरी, नाही. मग खुणांनी सांगितलं. तारीख बरणीतल्याची. खाल्लं ते खाल्लं. ते आता मुरंबा राहिलंच नाही, ते आता तू आहेस.

वसुधाही हसली. बरण्या घेऊन जिना चढायला लागली आणि चौथ्या पायरीवर उभी राहिली.

संध्याकाळी दिनकर आल्या आल्या तिने विचारलं, "अहो, त्या डिंकाच्या डब्यावरची तारीख कशाची?"

"बाटलीतल्या डिंकाची. तेवढ्यात वापरून टाकायचा. एकदा धरला की मग तो धरलेला. का?"

"हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"अगं, पहिल्यापासून. कोणालाही माहीत असतं."

"मग आत्मारामभाऊंना सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं कुठे? मला वाटलं त्यांना गाडीने फिरायला आवडतं."

वसुधाने नवऱ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी हा डॉक्टर होणार होता. ती तशीच खाली गेली.

आत्माराम टेबलाशी बसून कानस घासत होता. तिने मुरंब्याची गोष्ट सांगितली. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही पोटाचं सांगता. मी पुलाचं म्हणतो. हाल्टबार सांध्याला म्हणतात. मायस्टर रोज म्हणतो."

"मायस्टर सांध्याला म्हणतो. फ्राऊ शेफर बरणीला म्हणते. डब्यावर चिठ्ठी कोणी लिहिली, मायस्टरने?"

आत्मारामची कानस थांबली.

"आणि हे?" तिने पत्रांवरची ती फुली उचलली. "पहिल्या बाटलीतला पहिला थेंब ना? त्याची मुदत चौसष्टच्या मार्चात संपली. याला पुन्हा थेंब लावलात कधी?"

"नाही."

"मग हे का नाही सुटलं?"

आत्मारामने फुली हातात घेतली. आधी हळू ओढली, मग जोरात. मग टेबलाच्या कडेवर ठेवून सगळा भार टाकला. काडकन आवाज झाला. प्लेक्सी मोडली होती, सांध्याच्या शेजारून. सांधा तसाच होता.

त्याने तो सांध्याचा तुकडा दिव्यापाशी धरला. दोन वर्षं पुरावा बायकोच्या पत्रांवर बसून होता, आणि तो पत्रं तेवढी वाचत होता.

"म्हणजे पुलान माका धरलेलो नव्हतो," तो शेवटी म्हणाला, आणि हसायला लागला. "मीच पुलाक धरून बसलंय." हसता हसता त्याने फुलीखालचं न टाकलेलं पत्र घेतलं आणि चार तुकडे केले. वसुधाने दुसरीकडे पाहिलं. कानशीचा भुगा फार उडतो डोळ्यांत.

फेब्रुवारीच्या बोटीचं तिकीट निघालं. रजा चार महिने दहा दिवसांची होती, पण आत्माराम परत आलाच नाही. शिमग्याच्या आठ दिवस आधी तो दारात उभा राहिला. कुसुमने कुलूप आणि किल्ली दोन्ही हातात धरूनच दार उघडलं, असं पुढे तिनेच वसुधाला लिहून कळवलं. सावंतवाडीला त्याने परत सीताफळं आणि बैलगाड्या करायला घेतल्या, आणि सरसाच्या वासाने कुसुम बोटं मोडायला लागली. आईला तो दोन वर्षं मिळाला. गावाचा खरा पूल झाला की नाही, वसुधाला माहीत नाही. दिनकरला विचारावं तर तो म्हणायचा, तो माझा विषय नव्हे.

डार्मश्टाटहून निघायच्या आदल्या दिवशी मात्र आत्माराम सकाळी फ्रिजपाशी उभा दिसला. डबा काढून त्याला ओलं फडकं गुंडाळत होता.

"आता कशाला?" वसुधाने विचारलं.

"मार्चच्या आत जातो ना मी दरवेळी."

"अहो भाऊ, पण कळलं ना आता?"

"मला कळलं, वहिनी. हेर ओलला कुठे कळलंय? त्याने काच पुसून ठेवली असेल. आणि बर्गरमायस्टरला बर्फ लागतो."

पूल एकदा बघायचाच होता, म्हणून वसुधा बरोबर गेली. हेर ओलने किल्ल्यांचा जुडगा वाजवत येऊन कपाट उघडलं. आत्मारामने टोपी काढून खुर्चीवर ठेवली, बाही दुमडली, डबा उघडला. पहिल्या कठड्यापासून सुरुवात केली. थेंब, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. दोनशे बारा. एकही चुकवला नाही. वसुधा मनात मोजत होती, तिचे एकदा चुकले, त्याचे नाही. हेर ओल नेहमीसारखा पेपर वाचत बसला होता.

शेवटी आत्मारामने बाटलीला टोपण लावलं, फडकं गुंडाळलं, वाकला आणि बैलगाडीच्या चाकावर फुंकर मारली. चाक फिरलं.

"हाल्टबार?" हेर ओलने पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"या, या," आत्मारामने जर्मनमधून होकार दिला, आणि टोपी घालून चारच्या गाडीसाठी निघाला.